चालून दाखवणे

माझ्या मुलीचा उजवा पाय डाव्यापेक्षा पावणेदोन सेंटीमीटरने आखूड आहे. हा आकडा अंदाजाचा नाही. मी जमिनीच्या मोजणीत आयुष्य काढलं आहे आणि अंदाजाने लिहिलेल्या आकड्यामुळे सख्ख्या भावांची डोकी फुटलेली पाहिली आहेत. जन्मतःच तिचा खुबा सरकलेला होता आणि ते आम्हाला ती चालायला लागल्यावर कळलं. तोवर उशीर झाला होता. पुढे ती वाढत होती तेव्हा दरवर्षी तिच्या वाढदिवशी मी टेप घेऊन तिचे दोन्ही पाय मोजायचो. कॉलेजात गेल्यावर एकदा ती म्हणाली, "बाबा, आता मधात हद्दीचा दगड बी रोवून टाका." त्यानंतर मी टेप काढला नाही. आकडा तोच राहिला.

आता ती एकोणतीस वर्षांची आहे. जळगाव जामोदला, आमच्याच गावात, एका खासगी प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम करते. बुटात एक जाड गादी घालते. सपाट जमिनीवर सावकाश चालली तर परक्या माणसाच्या लक्षात येत नाही. घाई केली, किंवा पायऱ्या आल्या, की येतं.

आमच्याकडे मुलगी पाहायला आले की चहा-पोहे होतात, नाव, शिक्षण विचारून होतं, आणि मग पाहुण्यांपैकी एखादी म्हातारी म्हणते, "बाई, जरा चालून दाखव." बाकीचे लाजल्यासारखं करतात आणि नीट पाहतात. आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत जेवढी जागा आहे तेवढी माझी मुलगी बऱ्याच लोकांसमोर चालली आहे. नंतर निरोप येतो की पत्रिका जुळत नाही. पायामुळे नको, असं आजवर एकानेही सांगितलेलं नाही. पाय आखूड आहे हे मी आधीच कळवलेलं असायचं. तरी ते यायचे, पाहायचे, पोहे खायचे आणि पत्रिकेवर ढकलायचे. गल्लीतल्या बायका गाडी गेल्यावर माझ्या बायकोला विचारायच्या, "काय झालं वो? पसंत पडली का?" त्यांना उत्तर माहीत असायचं.

हे स्थळ वेगळं होतं. माझ्या बायकोच्या भावाने आणलेलं. तो मेहकरला असतो, जमिनीच्या खरेदी-विक्रीत दलाली करतो आणि लग्नंही त्याच पद्धतीने जमवतो. मुलाचं सुलतानपूरला बी-बियाणे आणि खतांचं दुकान. वडील नाहीत, आई आणि तो. आधी फोन नंबर दिले गेले. दीड महिना दोघं बोलत होते. संध्याकाळी ती गच्चीवर जायची आणि खाली आम्हाला तिचं हसणं ऐकू यायचं. बायको टीव्हीचा आवाज कमी करून ते ऐकत बसायची.

एके दिवशी मुलगी खाली आली आणि म्हणाली, "त्याले सांगितलं पायाचं. आकडा बी सांगितला."

"मग?"

"म्हणे, मला काय तुला शर्यतीत पळवायचंय का?"

हे वाक्य तिने आम्हाला त्या आठवड्यात दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बायको उठून आत गेली आणि नळ सोडून रडली. मुलीला हा मुलगा हवा होता. आधीच्या कोणाबद्दल तिने हो किंवा नाही म्हटलं नव्हतं, कारण तिला कोणी विचारायच्या आत निरोप यायचा. या वेळी तिने स्वतःहून सांगितलं, "बाबा, हे जमलं पायजे."

आता फक्त मुलाच्या आईचा होकार राहिला होता.

हल्ली आमच्याकडे मुलगी बाहेर दाखवतात. देवळात, बागेत, कुठेही. कारण सरळ आहे: नकार आला तर गल्लीला कळत नाही. मेव्हण्याने शेगाव सुचवलं. मी नको म्हटलं. तिथे रांग आहे, गर्दी आहे, मुलगी घाई करेल. मी सुचवलं ते एका क्रांतिकारकाचं घर. मेहकरच्या पलीकडे, सुलतानपूरच्या अलीकडे, एका खेड्यात आहे. सरकारने ते स्मारक म्हणून जपलं आहे. त्या थोर माणसाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नाही. जिल्ह्यात चौकाचौकात त्यांचं नाव आहे, एवढं पुरे. इंग्रजांच्या हद्दीत काम करायचं आणि पाठलाग झाला की निजामाच्या हद्दीत उतरायचं, अशी त्यांची रीत होती. शेवटी पकडले गेले. तुरुंगात पायात बेडी पडली, तिने घोटा सडला, आणि सुटून आले ते पाय ओढत. उरलेलं आयुष्य ते लंगडत गावोगाव फिरले. शाळेतल्या मुलांना हे भाषणात पाठ करायला लावतात.

ही जागा निवडण्यामागे माझा हिशोब होता. जी माणसं त्या लंगड्या पायाला हात जोडतात, ती त्याच घरात उभी राहून माझ्या मुलीच्या पायावरून तिला टाकणार नाहीत. निदान त्या दिवशी तरी त्यांना लाज वाटेल. कागदावर हा हिशोब बरोबर होता.

एक रविवार आधी मी एकटा जाऊन जागा पाहून आलो. पुढच्या दाराला दोन बुटक्या पायऱ्या. उंबरठा उंच, पण चौकटीला धरायला जागा. आत सगळं सपाट, नवी शहाबादी फरशी. माडीच्या जिन्याला कुलूप आणि वर पाटी, 'धोकादायक'. ती पाटी वाचून मला फार बरं वाटलं. शेजारी जुनं हेमाडपंती देऊळ, तेही जमिनीलगत. देवळामागे वेड्या बाभळींत एक बाण रंगवलेला होता आणि त्यावर 'प्राचीन बारव' असं लिहिलं होतं. तिकडे मी गेलो नाही. बाभळींतून पायवाट काट्यांनी भरलेली होती. तिकडे कोण जातंय, असं समजून मी परत फिरलो.

ठरलेला दिवस आला तोवर दिवाळी होऊन गेली होती, तुरी फुलावर होत्या. मेव्हण्याच्या गाडीतून आम्ही निघालो. मुलीने नवा ड्रेस घातला होता, गादीचा बूट घातला होता. मेव्हणा वाटभर बडबडत होता.

"भाऊजी, तुमी तिथं आकडे सांगू नका बरं. इतके मीटर, इतके सेंटीमीटर. लग्न जुळवून राह्यलो, प्लॉट नाई विकून राह्यलो."

"मामा, प्लॉटले तरी सातबारा असते," मुलगी मागून म्हणाली. ती त्या दिवशी आनंदात होती.

मुलगा आणि त्याची आई स्मारकापाशी आधीच येऊन थांबले होते. मुलगा उंच, दाढी कोरलेली, हसरा. तो वाकून माझ्या आणि बायकोच्या पाया पडला तेव्हा मला तो आवडला. आई साठीच्या आतली, ठेंगणी, जाडसर, हिरवं काठाचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. तिने मुलीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"चांगली हाय की ओ. फोटोपेक्षा चांगली हाय. फोटोत जरा काळी दिसायली होती."

मुलगी तिच्या पाया पडली. उठताना तिला जमिनीला हात टेकावा लागला. आईने ते पाहिलं आणि आकाशाकडे बघितलं.

घर चांगलं ठेवलं आहे. पांढऱ्या मातीच्या भिंतींवर चुना, वर माळवद, खोल्यांत दिवे, काचेच्या पेट्या. एका पेटीत चष्मा, एकीत पितळी डबा आणि पत्रकं छापायचं लाकडी यंत्र. आम्ही खोलीमागून खोली बघत होतो. मी मोजणीचा माणूस आहे, कोण कुठे उभं आहे याकडे माझं आपोआप लक्ष जातं. मुलाची आई प्रत्येक दाराशी थांबत होती. "जा बाई तू पुढं," असं म्हणून मुलीला पुढे घालायची आणि दोन पावलं मागे राहायची. भिंत सरळ आहे का ते पाहायला गवंडी ओळंबा धरून एक डोळा मिटतो, तशी ती मागून बघत होती. माझी मुलगी ते ओळखून होती. ती इतकी सावकाश चालत होती की मेव्हणा म्हणाला, "अगं, म्युझियम हाय, मयत नाई."

शेवटच्या खोलीत मोठी पेटी होती. तिच्यात बेडी, काठी आणि चपला. उजव्या चपलेचा तळवा दुप्पट जाड, कातड्याचे थर एकावर एक शिवलेले. वर भिंतीवर थोर माणसाचा म्हातारपणीचा उभा फोटो. देखरेखीला असलेला माणूस खुर्चीतून न उठता पाठ म्हणावं तसं म्हणाला, "ह्याच चपला घालून साहेब शेवटपर्यंत फिरले. पाय आखूड पडला होता, म्हणून तळवा जाड."

मुलाच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं, खरं पाणी होतं. तिने पदर घेतला, काचेवर कपाळ टेकलं आणि बराच वेळ तशीच राहिली. काचेवर कुंकवाचा डाग पडला.

"केवढं सोसलं माय देवमाणसानं. लंगडत लंगडत फिरला आपल्यासाठी. असा पाय मिळायला बी भाग्य लागतं."

मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. माझा हिशोब जुळायला लागला होता.

मुलगी फोटोकडे बघत होती. ती मुलाला हळूच म्हणाली, पण मी शेजारीच होतो, मला ऐकू आलं. "फोटोत पाय पाहा. डावा अधू आहे. सगळा भार उजव्यावर हाय. आन् जाड चपल उजवी. कोणीतरी नंतर बनवून ठेवली ही, उलटी."

मी पाहिलं. तिचं बरोबर होतं. इतकी वर्षं माणसं येऊन त्या चपलेपुढे वाकत होती, आणि कोणी त्या माणसाच्या पायाकडे पाहिलंच नव्हतं.

मुलगा म्हणाला, "असू दे ना. आई रडायली, तू हात जोड."

तिने हात जोडले.

मग आम्ही ओसरीत बसलो. बायकोने डब्यातून आणलेला लाडू-चिवडा काढला. मुलाची आई मांडी घालून बसली तेव्हा तिचे गुडघे वाजले, आम्हाला ऐकू यावेत एवढे. लाडू खात ती तिच्या वेळची गोष्ट सांगायला लागली.

"आमच्या वेळी असं नव्हतं बाई, फोनवर बोलणं आन् फिरायला येणं. माझ्या सासऱ्यानं अकरा माणसं आणली होती पाहायला. आधी सुपातले तांदूळ सांडले आन् मला म्हणाले, वेच. डोळे बघायला. मग म्हणाले, चाल. अंगणभर चालवलं. एक म्हणे, जरा जोरात चाल. दुसरा म्हणे, आता उलटी चाल. मी सतरा वर्षांची. मला मुतायला झालं होतं भीतीनं." ती हसली. "पण वाईट नाही वाटून घेतलं. बघून घेतलेलं बरं असतं. माठ बी आपण वाजवून घेतो की."

"हाव, वाजवूनच घेतला पायजे," मेव्हणा म्हणाला. त्याला प्रत्येक गोष्टीला हाव, म्हणजे हो, म्हणायची सवय आहे, धंद्यामुळे.

मुलगी म्हणाली, "काकू, मग तुम्ही काय केलं? उलटं चालल्या?"

"चालले की. काय करणार?"

"पडल्या नाई?"

"पडले असते तर हे पोरगं झालं असतं का?" आई म्हणाली, आणि सगळे हसले. माझी मुलगीही हसली. त्या क्षणापर्यंत सगळं व्यवस्थित चाललं होतं असं मी आजही म्हणेन.

देऊळ बघून झालं. मी गाडीकडे वळायला लागलो. तेव्हा आईने कापडी पिशवी उघडली आणि आतून स्टीलचं ताट काढलं. त्यात खण, तांदूळ, हळद-कुंकवाचे करंडे, सुपारी आणि नारळ. सगळं घरून बांधून आणलेलं.

"इथं बारवेत साती आसरा हायत. जागृत हायत. इथवर येऊन ओटी भरली नाही तर पाप लागतं."

ती न चुकता बाभळींतल्या पायवाटेकडे चालायला लागली. काटे कोणीतरी बाजूला सारलेले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की जागा आधी पाहून गेलेला मी एकटाच नव्हतो.

बारव मोठी आहे. काळ्या दगडाची, चौकोनी, एका बाजूने सरळ खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या. पायऱ्या उंच, गुडघ्याला येणाऱ्या, आणि अरुंद. कठडा नाही. निम्म्यात एक ओटा, त्याच्या भिंतीत कोनाडा, कोनाड्यात शेंदूर लावलेल्या सात दगडांची रांग, त्याच पाण्याच्या देवी, साती आसरा. त्याखाली हिरवं पाणी. आई ताट वरच ठेवून, मुलाच्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरत ओट्यावर गेली. मग मुलाला म्हणाली, "तू वर जा. हे बायकांचं काम हाय." तो वर येऊन आमच्याजवळ उभा राहिला. ती ओट्यावर बसली, तोंड वर करून. खालून वर बघितलं की उतरणाऱ्या माणसाचे पाय सगळ्यात आधी दिसतात. मोजणीला टेकडीवर माणूस चढवतो तेव्हा आम्हीही खालूनच बघतो.

"आण गं ताट," तिने हाक मारली.

माझी बायको पुढे झाली. "मी आणते, ताई."

"तुम्ही नका. कुमारिकेच्या हातानं लागतं."

असं कुठेही नसतं. बायकोला ते माहीत होतं, मेव्हण्यालाही. मेव्हणा मोबाइलमध्ये बघायला लागला. मी म्हणालो, "ताई, पायऱ्या ओल्या आहेत, वरूनच..." आणि मुलीने मला थांबवलं. तिने ताट उचललं. दोन्ही हात ताटाला गेले म्हणजे भिंतीला धरायला एकही हात उरला नाही. पहिल्या पायरीशी ती थांबली आणि मुलाकडे वळली. तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता. नुसती ताट धरून त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि तो खाली तिच्या बुटांकडे बघत होता. मला वाटलं आता हा ताट घेईल. बायकोलाही वाटलं असावं, कारण तिने श्वास घेतला तो सोडला नाही.

त्याने ताट घेतलं नाही. मुलगी उतरायला लागली.

आखूड पायाच्या माणसाला उतरताना आधी तो पाय खाली टाकावा लागतो आणि मग सगळं अंग त्या बाजूला कलतं. वरून ते फार वाईट दिसतं. प्रत्येक पायरीला ती उजवीकडे पडल्यासारखी होत होती आणि पुन्हा सावरत होती. ताटात नारळ इकडून तिकडे घरंगळत होता. कुंकू सांडून तिच्या नव्या ड्रेसवर आलं. गादीच्या बुटाने दगडावर थप्, थप् असा आवाज होत होता आणि बारव तो आवाज मोठा करून परत देत होती.

"सरळ ये की बाई," खालून आई म्हणाली. "एका बाजूला कशाला झुकायलीस?"

मुलगी आणखी एक पायरी उतरली.

"किती येळ? देव बी कंटाळला असेल."

ती ओट्यावर पोचली. सांडलेलं कुंकू आणि एक सुपारी सोडली तर ताटातून काही पडलं नव्हतं. तिने ताट खाली ठेवलं. आईने ते बाजूला सारलं, मान वर केली आणि तिच्या डोक्यावरून मुलाला ओरडून विचारलं, "पाहिलंस का रे? आता डोळ्यानं पाहिलंस का?"

मुलगा खाली बघत राहिला. पण हो अशी मान हलवली. ती हालचाल लहान होती, आणि खाली ओट्यावर उभ्या असलेल्या माझ्या मुलीला ती दिसली.

पुढे ओटी भरली गेली. आईने नारळ दगडावर फोडला, पाणी शिंपडलं, सात दगडांना हळद-कुंकू लावलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मुलगी ताट पुढे करत होती, मागे घेत होती, सांगेल ते करत होती. सगळं आटोपल्यावर आई उठायला गेली आणि उठता येईना. ओल्या दगडावर बसून गुडघे धरले होते. तिने एकदा जोर लावला, पुन्हा बसली.

"हात दे गं," ती म्हणाली.

मुलगी तोवर वळली होती. आता हात मोकळे होते. भिंतीच्या दगडांना धरून ती पाच-सहा पायऱ्या चढली, आणि आईने हात मागितला तेव्हा तिथेच वळून पायरीवर बसली. उजवा पाय लांब करून, बूट आईच्या डोळ्यांसमोर येईल असा.

"देते," ती म्हणाली. "आधी चालून दाखवा, काकू."

आईला आधी ती गंमत वाटली. ती हसली. "ये की, मस्करी नको करूस."

"मस्करी नाई. चालून दाखवा. ह्या ओट्यावर, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चार माणसं पाहून राह्यली वरून. मग उलटं चाला. तुमाले सवय हाय."

बारवेत बोललेला शब्द वर स्पष्ट येतो. आईचं हसू गेलं. तिने हात टेकले, एक गुडघा वर घेतला, आणि ते जमलं नाही तेव्हा ती दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे टेकून पहिल्या पायरीला लागली. लुगड्याचा काठ ओला झाला होता. तोंडातून प्रत्येक वेळी "आई गं" निघत होतं. एक पायरी चढली. दुसरीवर पोटावर पडल्यासारखी झाली.

"वाकडं नका येऊ," मुलगी वरून म्हणाली. "सरळ या."

बायकोने मला कोपराने ढोसलं. "काऊन बघत उभे राह्यले? तिले थांबवा ना!"

मी थांबवलं नाही. मला ते थांबवायचं नव्हतं. ती म्हातारी अजून दोन-तीन पायऱ्या तशी रांगली असती तर मी तेही पाहिलं असतं.

मग मुलगा पळाला. माझी मुलगी ज्या पायऱ्या उतरत असताना तो जागचा हलला नव्हता, त्या तो दोन-दोन करून उतरला. माझ्या मुलीजवळून गेला तेव्हा त्याचा खांदा तिला लागला आणि तिने भिंत धरली. त्याने आईला काखेत हात घालून उचललं, पाठीवर घेतलं आणि वर आणलं. ती त्याच्या मानेला मिठी मारून होती, लहान मुलासारखी. मुलगी त्यांच्या मागून, आपली आपण, ताट काखेत मारून वर आली.

त्यांच्या गाडीपाशी आई सीटवर बसली, गुडघ्याला बाम चोळला, पाणी प्यायली. मग दार उघडं ठेवून माझ्या बायकोशी फार गोड बोलली.

"पायाचं काही नव्हतं हो ताई. देवानं दिलं त्याला कोण काय करणार? आमचं मन एवढं लहान नाही. आत्ताच त्या साहेबांच्या पायाला डोकं टेकून आले, तुम्ही बघितलं. पण जीभ? अशी जीभ घरात आणली तर म्हातारपणी मला कोण बघेल?"

मुलगा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता.

परतीच्या वाटेवर बायको फुटली. "एक शब्द गिळता नाई आला तुले? एक! जमत आलं होतं. सासू म्हणून मिरवली असती दोन-चार वर्षं, मग मेली असती!"

"आई, ती नाई म्हणायलेच आली होती."

"तुले काय माहीत?"

मेव्हणा गाडी चालवत होता. बराच वेळ गप्प राहणं त्याला कठीण जातं. तो म्हणाला, "ताई, आता सांगतो. पोरगी खरं बोलून राह्यली. पायाचं मी मागच्याच आठवड्यात पोराच्या आईले सांगितलं होतं. तिनं तवाच नाई म्हटलं. पण पोरगं ऐकेना. फोनवर जीव जडला होता त्याचा. मग ती म्हणे, मी बोलून वाईट नाही होणार, त्याले त्याच्या डोळ्यानं दाखवते. आसराची ओटी भरायचं तिनं मले सांगितलं होतं."

"तुले माहीत होतं?" बायको म्हणाली.

"हाव. मले वाटलं, उतरून जाईल हळूहळू. कोणाले माहीत इतक्या खोल पायऱ्या असतील."

मी मागच्या सीटवरून त्याच्या मानेकडे बघत होतो. आमच्या घरात तो दरवर्षी भाऊबीजेला जेवला आहे. मी त्याला गाडी थांबवायला सांगितली नाही, कारण मेहकरच्या अलीकडे बस मिळत नाही.

म्हणजे मोजणी अशी होती: म्हातारीचा नकार आधीच ठरलेला होता, आणि तिला तो तोंडाने न बोलता मुलाच्या गळी उतरवायचा होता. मुलीने तोंड उघडलं नसतं तर पत्रिका जुळली नसती. तोंड उघडलं म्हणून जीभ आडवी आली. दोन्हीकडून रेघ तिथेच जाऊन मिळत होती. माझ्या बायकोला हे सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुमचे आकडे चुलीत घाला."

मेहकर जवळ आलं तेव्हा मुलीचा फोन वाजला. तोच होता. तिने फोन कानाला लावला नाही, मांडीवर ठेवला आणि आवाज मोठा केला. कदाचित आम्ही ऐकावं अशी तिची इच्छा असेल, कदाचित तिला एकटीने ऐकायचं नसेल.

"ऐक," तो म्हणाला. आवाज हळू होता, आई जवळपास नसावी. "आई रडायली. तिचे गुडघे सुजलेत. तू तिची माफी माग, एवढंच कर. नुसतं फोनवर बोल. मग मी बघतो काय करायचं ते. मी समजावतो तिला."

बायको पुढे झुकली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी त्या दिवसाआधी कधी पाहिलं नव्हतं. ती दोन्ही हात जोडून मुलीला खुणावत होती: माग, माग.

मुलगी म्हणाली, "मागते. एक सांग फक्त. तू ताट काऊन नाई घेतलं?"

फोनमधून गाड्यांचा आवाज येत राहिला. तो खरोखर आठवत होता, लपवत नव्हता, हे मला ऐकूनही कळलं.

"कोणतं ताट?" तो म्हणाला.

तिने फोन बंद केला. मग वाकून उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, आतली गादी ओढून बाहेर काढली आणि पाय पुढच्या सीटच्या पाठीवर, मामाच्या मानेशी टेकवला. मोजा ओला होता. ड्रेसवर सांडलेल्या कुंकवाने लाल झाला होता. मेव्हण्याने मान जरा पुढे घेतली. मेहकरच्या चौकात त्या थोर माणसाचा पुतळा आहे, दोन्ही पायांवर सरळ उभा. आम्ही त्याला वळसा घालून खामगावच्या रस्त्याला लागलो.